मांजराची मूत्रव्यथा

हुबळीच्या लॅमिंग्टन रस्त्याचे नाव काढले की मुंबईकर वाचकाला ग्रँट रोड स्थानकाजवळचा, कागदोपत्री आता डॉ. भडकमकर मार्ग झालेला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी गजबजलेला रस्ता आठवेल. परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा दुसरा रस्ता, आणि त्याच नावाची एक जुनी शाळाही, हुबळीत आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट होईपर्यंत या शहराचा कारभार त्याच इलाख्याच्या, आणि पुढे मुंबई राज्याच्या, दप्तरातून चालत असे. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच उंबऱ्याच्या आत बोलणारी पुष्कळ कुटुंबे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर मांजरेही. मात्र ही मांजरे पूर्वी लाडासाठी पाळली जात नसत. हुबळी हे कापसाचे आणि धान्याचे व्यापारी शहर. जिथे पोती रचली जातात तिथे उंदीर येतात, आणि जिथे उंदीर येतात तिथे मांजराला आमंत्रण द्यावे लागत नाही. दुर्गदबैल आणि दाजीबान पेठ यांसारख्या जुन्या बाजारपेठांतील वखारीचे मांजर दिवसा पोत्यांवर झोपे, रात्री शिकार करी, आणि त्याच्या पाण्याची निराळी तजवीज करावी हे कोणाच्या मनातही येत नसे. तशी गरजही फारशी नव्हती, कारण उंदराच्या शरीराचा सुमारे ७० टक्के भाग पाणीच असतो आणि शिकारीवर जगणाऱ्या मांजराला अन्नाबरोबरच आपले पाणी मिळून जाते.

त्याच मांजराचा वंशज आज वाडे पाडून उभारलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत, खिडकीला लावलेल्या जाळीमागे बसून रस्त्याकडे पाहत असतो. त्याच्या वाडग्यात सकाळ-संध्याकाळ पिशवीतले कोरडे, टणक दाणे पडतात, ज्यांत पाण्याचा अंश जेमतेम १० टक्के असतो. बाजूला स्टीलच्या वाटीत कालचे पाणी असते, ज्याला तो क्वचितच तोंड लावतो. त्याला शत्रू नाही, ऊन-पाऊस नाही, उपासमार नाही. आणि तरीही पशुवैद्यांच्या दवाखान्यात ज्या विकारासाठी तरुण मांजरांना वारंवार आणले जाते, तो मूत्राशयाचा आणि मूत्रमार्गाचा विकार नेमका याच सुखवस्तू मांजरांना अधिक प्रमाणात गाठतो. या विकाराचे मूळ मांजराच्या प्राचीन इतिहासात आहे, आणि तो इतिहास समजल्यावाचून त्याची शुश्रूषा नीट होत नाही, असे मला वाटते.

घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका यांच्या रुक्ष प्रदेशातले रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मुद्दाम पुरलेले मांजर सापडले आहे. इतका हा सहवास जुना. परंतु या एवढ्या काळात मांजराचे मूत्रपिंड बदलले नाही. पाणवठा दूर असलेल्या मुलखात थेंबथेंब पाणी राखून ठेवणारे ते इंद्रिय आहे. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १ धरले, तर माणसाच्या अत्यंत दाट मूत्राचे गुरुत्व सहसा १.०४० च्या पुढे जात नाही, मांजराचे १.०८० पर्यंतही पोहोचू शकते. ही निसर्गाची थोर देणगी होय. पण तिच्याबरोबर मांजराला मंद तहानही मिळाली आहे. अन्नातले पाणी घटले म्हणून मांजर तेवढ्याच प्रमाणात अधिक पाणी पिऊन भरपाई करीत नाही. चार किलो वजनाच्या मांजराला अन्न आणि पेय मिळून दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते. साठ ग्रॅम कोरड्या दाण्यांतून त्याला सहा मिलिलिटर मिळते. ओल्या डबाबंद मांसान्नात मात्र पाण्याचा अंश ७५ ते ८० टक्के असल्याने त्याची बहुतेक गरज जेवणातच भागते. कोरड्या अन्नावरचे मांजर म्हणून सदैव किंचित तहानलेले आणि त्याचे मूत्र सदैव दाट असते. ते मूत्राशयात दीर्घकाळ साचून राहते, त्यातील क्षार स्फटिकरूप धारण करू लागतात आणि आधीच नाजूक असलेल्या मूत्राशयाच्या अस्तराला त्या दाट द्रवाचा दाह सोसावा लागतो.

आता रोगाच्या लक्षणांकडे वळू, कारण घरच्या माणसाची खरी जबाबदारी येथे सुरू होते. मांजर शौचासाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीत पुन्हापुन्हा जाऊन बसते, पाठीला बाक देऊन जोर करते, दोन-चार थेंब पडतात आणि ते उठते. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार. लघवीत रक्ताची छटा दिसते. ते आपले जननेंद्रिय सतत चाटते, बसल्याबसल्या करुण स्वरात ओरडते, आणि कधीही पेटीबाहेर घाण न करणारे मांजर एकाएकी मोरीत, न्हाणीघराच्या गार फरशीवर, गादीवर, नाहीतर धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर लघवी करू लागते. या शेवटच्या लक्षणामुळे कित्येक घरांत मांजराला मार बसतो. पेटीत बसले की दुखते एवढेच त्या मुक्या जिवाला उमगलेले असते, आणि म्हणून तो दुसरी, गार, मऊ जागा शोधतो. त्याची ही कैफियत ऐकण्याऐवजी त्याला शिक्षा करणे हा मोठा अन्याय आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्या भीतीने विकार बळावतोही.

जुन्या वैद्यकाने लघवी कष्टाने होणे म्हणजे मूत्रकृच्छ्र आणि ती अजिबात अडणे म्हणजे मूत्राघात, असे दोन निराळे विकार मानले आहेत. मांजराच्या बाबतीत हाच भेद जीवन-मरणाचा ठरतो. भाटीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असल्याने तिला पहिला विकार होतो, दुसरा अगदी क्वचित. बोक्याची नलिका लांब असून टोकाकडे एक मिलिमीटरहूनही अरुंद होत जाते; दाहामुळे सुटलेला चिकट स्राव, प्रथिने आणि बारीक स्फटिक यांचा गोळा तिथे येऊन, तुंबलेल्या मोरीच्या तोंडाशी गाळ बसावा तसा, घट्ट बसतो. दोन ते सहा वर्षे वयाचा, खच्ची केलेला, अंगाने स्थूल, घराबाहेर न पडणारा आणि कोरडे दाणे खाणारा बोका हा या संकटाचा ठरलेला बळी. खच्चीकरणामुळे नलिकाच अरुंद राहते अशी एक समजूत पूर्वी होती. मोजमापे घेतल्यावर ती टिकली नाही. खच्ची बोका आळसावतो, वजन वाढवतो आणि पाण्याकडे जायला उठत नाही, हे मात्र खरे, आणि म्हणून दोष शस्त्रक्रियेला न देता त्याच्या आहाराकडे पाहावे.

लघवी पूर्ण अडली की मूत्राशय लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा, टणक होतो. दाब मागे मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर पडेनाशी होतात आणि त्यांच्याबरोबर पोटॅशियमचे प्रमाण चढू लागते. पोटॅशियम वाढले की हृदयाची गती मंदावते. मांजर ओकते, अन्न सोडते, अंग गार पडते, ते कोपऱ्यात निपचित पडून राहते, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, प्राण जातो. म्हणून माझी वाचकाला कळकळीची ताकीद आहे: बोका जोर करतो आहे आणि थेंबही पडत नाही असे दिसले, तर सकाळ होईपर्यंत, सुट्टी संपेपर्यंत किंवा घरातला कर्ता माणूस गावाहून परत येईपर्यंत थांबू नये. घटका-दोन घटकांची दिरंगाई येथे परवडत नाही.

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते ती निदानात. बोका जोर करताना पाहून घरातील वडीलधारी माणसे त्याला मलावरोध झाला असे समजतात आणि चमचाभर एरंडेल किंवा तूप पाजतात. दुसरी चूक करणाऱ्यांना लघवीची तक्रार ओळखता येते, पण ते माणसाचे उपाय मांजरावर करतात. सातूचे पाणी, धन्याजिऱ्याचे पाणी, गोखरूचा काढा ही औषधे माणसाच्या घरात वंदनीय असतील. परंतु जिथे बाहेर पडण्याचा मार्गच बंद आहे तिथे लघवी वाढवणारे काहीही पाजणे म्हणजे भरलेल्या मूत्राशयावर आणखी दाब घालणे होय. औषधांच्या दुकानातून लघवीची जळजळ थांबवण्यासाठी जे गोड, सायट्रेटयुक्त पातळ औषध माणसाला देतात, ते मूत्र अल्कधर्मी करते, आणि मांजरांच्या मुतखड्याचा जो एक अतिशय सामान्य प्रकार आहे तो नेमका अल्कधर्मी मूत्रातच वाढतो. याहून भयंकर गोष्ट म्हणजे वेदना शमवण्यासाठी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. हे द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात सहज घडते ती मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकेच वर्ज्य. आणि पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. ताणलेला मूत्राशय आत फुटू शकतो.

मग करावे काय? मांजर निरोगी असतानाच चौकशी करून ठेवावी. हुबळी-धारवाडसारख्या शहरात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि खाजगी व्यवसाय करणारे पशुवैद्यही असतात. त्यांपैकी रात्री कोण भेटतो, बोक्याच्या मूत्रमार्गात घालण्याची बारीक नळी कोणाकडे आहे, भूल देण्याची, सलाइन लावण्याची आणि रक्तातील पोटॅशियम मोजण्याची सोय कुठे आहे, हे विचारून तीन-चार दूरध्वनी क्रमांक कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवावेत. झाकणाची टोपली किंवा पिंजरा हाताशी असावा. त्यात जुना, घराचा वास असलेला कपडा घालून वरून चादर टाकली म्हणजे रिक्षातला प्रवास मांजराला थोडा सुसह्य होतो. दवाखान्यात पोहोचताच, रांग कितीही मोठी असली तरी, ‘बोका आहे, लघवी पूर्ण बंद आहे’ हे शब्द प्रथम उच्चारावेत. जाणता पशुवैद्य तेवढ्यावरून बाकीचे काम बाजूला ठेवतो.

तिथे काय घडते याची कल्पना घरच्या माणसाला असली की त्याचा धीर टिकतो. आधी शिरेतून द्रव दिला जातो. हृदय मंदावले असेल तर ते सावरण्यासाठी कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, पोटॅशियम उतरवण्यासाठी ग्लुकोज आणि इन्सुलिन देतात. मग भूल देऊन नळी घालून अडथळा दूर करतात, मूत्राशय रिकामा करून धुतात. नळी बहुधा एक ते तीन दिवस आत ठेवावी लागते आणि तेवढे दिवस मांजर दवाखान्यात राहते. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडे एकदम भरमसाट मूत्र तयार करू लागतात, आणि त्या वेळी सलाइन कमी पडले तर शरीर सुकते. म्हणून ‘लघवी झाली, आता घरी नेतो’ ही घाई करू नये. खर्च होतो, आणि तो सर्वांना सोसेलच असे नाही. पण तो आधी मोकळेपणाने विचारावा, कारण पैशाच्या संकोचाने घालवलेला दिवस पुढे अधिक महाग पडतो. घरी आणल्यानंतरचा पहिला आठवडा पुन्हा तुंबण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो.

पशुवैद्यकाने या विकाराकडे लक्ष दिले ते फार उशिरा. ज्या मुंबई इलाख्यात हुबळी होती त्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परळ येथे १८८६ साली निघाले. परंतु त्या काळाची निकड घोडदळाचे घोडे आणि शेतकऱ्याची गुरे ही होती, बुळकांडीसारख्या साथींनी गोठेच्या गोठे रिकामे होत होते, आणि मांजरासाठी वैद्यक शिकावे असा विचार करायला सवड कोणाला नव्हती. पाश्चात्त्य देशांतही मांजराच्या या सर्व तक्रारींना एक सामायिक नाव मिळाले ते १९७० मध्ये. पुढील पन्नास वर्षांत ज्ञान कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या उपचारांतील प्रत्येक सूचना त्या बदलाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर हाती लागलेली आहे.

आरंभी सर्वांचे लक्ष खड्यांवर खिळले. मांजराच्या मूत्रात जो खडा त्या काळी सर्वाधिक सापडे तो मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा. त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. या खनिजाची हकिकत मनोरंजक आहे. १८४० च्या दशकात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात आगीत नष्ट झालेल्या सेंट निकोलस चर्चची नव्याने उभारणी करताना पाया खोदला जात होता, तेव्हा जुन्या शेणखताच्या थरांत हे स्फटिक आढळले, आणि फॉन स्ट्रूव्ह या रशियन मुत्सद्द्याच्या सन्मानार्थ त्याला हे नाव दिले गेले. जे खतात घडते तेच दाट, अल्कधर्मी मूत्रात घडते. हे कळल्यावर खाद्यनिर्मात्यांनी मॅग्नेशियम घटवले आणि मूत्र आम्ल करणारे खाद्य बाजारात आणले. स्ट्रुव्हाइटचे खडे झपाट्याने कमी झाले. परंतु १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढू लागले, आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या ज्या केंद्रात १९८१ पासून देशोदेशींचे मुतखडे तपासले जातात, तिथल्या नोंदींत हा दुसरा खडा पहिल्याला मागे टाकून गेला. स्ट्रुव्हाइटचा खडा योग्य आहाराने काही आठवड्यांत विरघळतो. ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो बहुधा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. कोणाच्या तरी मांजराला लागू पडलेले ‘मुतखड्याचे खाद्य’ आपल्या मांजराला परस्पर चालू करणे किती अविचाराचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. आधी क्ष-किरण चित्र किंवा सोनोग्राफी होऊ द्यावी, मूत्राची तपासणी होऊ द्यावी. आणि त्या तपासणीसाठी मूत्र ताजे हवे, कारण बाटलीत घालून शीतकपाटात ठेवलेल्या निरोगी मांजराच्या मूत्रातही काही तासांत स्फटिक तयार होतात आणि नसलेला रोग कागदावर उमटतो. थोडे स्फटिक दिसणे हा मुळात रोग नव्हेच.

खड्याच्या पुढचा टप्पा अधिक विस्मयकारक ठरला. लक्षणे असलेल्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडा सापडत नाही, जंतूही सापडत नाहीत. मूत्राशयाला मात्र दाह झालेला असतो. जंतुसंसर्ग तर तरुण मांजरात शेकड्यात काही मोजक्यांनाच असतो, म्हणून दर खेपेला प्रतिजैविकाची इंजेक्शने टोचण्याची जी प्रथा आहे तिला बहुतांशी आधार नाही. हा निष्कारण वाटणारा दाह बहुधा आठवडाभरात आपोआप शमतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे औषध दिले असेल त्याला यश मिळाल्याचा भास होतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी या मांजरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ज्यांच्या मालकांनी हात टेकले होते अशी आजारी मांजरे त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेतली, त्यांना ठरलेल्या वेळी अन्न, ठरावीक माणसे, लपायला जागा, खेळायला वस्तू दिल्या. आणि वारंवार उठणारी लक्षणे मंदावली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणात याची दुसरी बाजूही दिसली: दिनक्रम विस्कळीत केला, ओळखीची माणसे बदलली, जेवणाची वेळ हलवली, की पूर्ण निरोगी मांजरेही अन्न टाकतात, ओकतात, पेटीबाहेर घाण करतात. मूत्राशयाचा हा विकार म्हणजे पुष्कळ वेळा भीतीने आणि अस्थैर्याने ग्रासलेल्या साऱ्या शरीराची तक्रार असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि मला तो या विषयातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे उपचाराचा अर्धा अधिकार घरच्या माणसाच्या हाती येतो.

लॅमिंग्टन रस्त्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत मांजराच्या मनाला स्वास्थ्य कसे लाभावे? गणपतीच्या मिरवणुकांचे ढोल, हुबळीची रंगपंचमी, दिवाळीचे फटाके, चौकाच्या बाजूने चाललेल्या बांधकामाची घरघर, लग्नसराईत घरभर उतरलेले पाहुणे, नव्याने आलेले दुसरे मांजर, आणि रात्री खिडकीबाहेर येऊन गुरगुरणारा गल्लीतला दांडगा बोका: यांपैकी काहीच आपल्याला थांबवता येत नाही. परंतु घरातली एक खोली, तीही आतल्या बाजूची, सणाच्या दिवसांत मांजरासाठी राखून ठेवता येते; तिथे उंच फळीवर जागा, एक खोके, पाणी आणि मातीची पेटी ठेवून दार लोटून घेता येते. खिडकीचा खालचा अर्धा भाग कागदाने झाकला की बाहेरचा बोका दिसेनासा होतो. जेवणाची वेळ लग्नाच्या दिवशीही चुकवू नये. रोज संध्याकाळी दोरीला पीस बांधून पंधरा मिनिटे शिकारीचा खेळ खेळवला तर त्या प्राण्याच्या स्वभावाला वाट मिळते आणि वजनही आटोक्यात राहते.

पेटीचा बंदोबस्त तितकाच महत्त्वाचा. जितकी मांजरे त्याहून एक पेटी अधिक, आणि त्या एकाच कोपऱ्यात न मांडता वेगवेगळ्या ठिकाणी; पेटीची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट; आत बारीक रेती किंवा बाजारात मिळणारी, लघवीने गोळा होणारी माती. हा गोळा होण्याचा गुण फार उपयोगी पडतो, कारण रोज सकाळी गोळे काढताना त्यांची संख्या आणि आकार पाहून लघवी वाढली की घटली हे लगेच कळते. मी एक साधी वही ठेवण्याची शिफारस करतो: तारीख, गोळे किती, केवढे, जेवण कसे, घरात काही विशेष घडले का. चार-सहा महिन्यांची अशी वही पशुवैद्यापुढे ठेवली की जी संगती कोणाच्याही स्मरणातून निसटते ती कागदावर दिसू लागते. फटाक्यांनंतर चौथ्या दिवशी रक्त, पाहुणे गेल्यावर आराम.

आता पाणी. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ येथील जलाशयातून येते. २००८ च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास नळ चालू ठेवण्याचा प्रयोग झाला, तरी शहराच्या मोठ्या भागाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी मिळण्याची आणि म्हणून ते पिंपांत, टाक्यांत साठवून ठेवण्याची सवय जुनी आहे. बोअरचे जड पाणी प्यायल्याने मांजराला खडे होतात का, असे पुष्कळजण विचारतात. अन्नातून जाणाऱ्या क्षारांपुढे पाण्यातले क्षार थोडेच. मांजर पाणी किती पिते याचे महत्त्व ते कोणते पिते याहून कितीतरी अधिक आहे. म्हणून साठवणीचे का होईना, पण दिवसातून दोनदा बदललेले पाणी रुंद तोंडाच्या, मिशा न टेकणाऱ्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यांत, जेवणापासून आणि पेटीपासून दूर, घरात तीन-चार ठिकाणी ठेवावे. काही मांजरांना वाहते पाणी आवडते. त्यांच्यासाठी विजेवर चालणारे छोटे कारंजे मिळते. चिकन किंवा मासे शिजवलेले पाणी थंड करून द्यावे, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. आणि या सर्वांहून प्रभावी उपाय म्हणजे अन्नच ओले करणे. ओल्या खाद्यात आणखी दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवावे. मूत्राचे विशिष्ट गुरुत्व १.०३५ च्या खाली आणणे हे उद्दिष्ट ठेवून पशुवैद्याकडून ते अधूनमधून मोजून घ्यावे. खाद्यातला बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा आणि ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपवासाने, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणघातक विकार होतो.

येथे एका नाजूक प्रश्नाला हात घालणे भाग आहे. हुबळीत लिंगायत, जैन, ब्राह्मण अशी शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत मांजराला दूध-भात, दूध-पोळी, ताकभात यांवर प्रेमाने वाढवले जाते. त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. परंतु मांजर हे निसर्गतःच मांसभक्षक आहे. मांसात मिळणारे टॉरिन त्याला अन्नातून पुरेसे मिळाले नाही तर त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्विवाद सिद्ध झाले आहे. आपल्या विषयाशी याचा संबंध असा की मांसातील प्रथिनांनी मूत्र आम्ल राहते, तर धान्याच्या आहाराने ते अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइटला पोषक भूमी तयार होते. शिवाय पुष्कळशा प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. त्याने हगवण लागून शरीरातील पाणी आणखी कमी होते. ज्या घरात मांस शिजवणे शक्य नाही तिथे डबाबंद ओले मांजरखाद्य स्वयंपाकघराबाहेर, सज्जात किंवा परसात, निराळ्या भांड्यात देण्याची तडजोड पुष्कळ कुटुंबांनी केली आहे, आणि तीत त्यांच्या आचारालाही बाध येत नाही. जे एवढेही करू शकत नाहीत त्यांनी मांजराला मोकळे फिरू द्यावे, किंवा त्याच्यासाठी दुसरे घर पाहावे. पण धान्यावर बंदिस्त मांजर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही काही बोक्यांचा मार्ग पुन्हापुन्हा तुंबतो. त्यांच्यासाठी नलिकेचा अरुंद टोकाचा भाग काढून रुंद भागाला शेपटीखाली नवे तोंड करून देण्याची शस्त्रक्रिया आहे. तिने तुंबणे बहुतेक थांबते. मूत्राशयाचा दाह थांबत नाही, आणि जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढते, म्हणून पाण्याची, आहाराची आणि शांततेची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या झटक्याच्या धास्तीत घेऊ नये. वही, तपासण्या आणि ओले अन्न यांना काही महिने संधी द्यावी, आणि तरीही दुसरी-तिसरी खेप आली तर मात्र हयगय करू नये.

दहा वर्षांवरील मांजराचे प्रकरण निराळे. त्या वयात मूत्रपिंडे क्षीण होऊ लागतात, मधुमेह किंवा गलग्रंथीचा (थायरॉइडचा) अतिरेक जडतो, मूत्र आपोआप पातळ होते आणि पातळ मूत्रात जंतू फोफावतात. तरुणपणी दुर्मीळ असलेला संसर्ग येथे खरोखर सापडतो. अशा मांजराला मूत्रातील जंतूंची वाढ तपासून, कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहून, पूर्ण मुदतीचे औषध द्यावे लागते. म्हाताऱ्या मांजराची वाटी एकाएकी लवकर रिकामी होऊ लागली तर ‘आता कुठे पाणी पिऊ लागले’ म्हणून समाधान मानू नये; रक्त आणि मूत्र त्याच आठवड्यात तपासून घ्यावे, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी.